दुसरं यंत्र खरंच दुसरं असतं का?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या निर्देशांकाचे आकडे सकाळी दहानंतर अडखळायला लागले आणि ११ वाजून ४० मिनिटांनी एक्स्चेंजने सगळेच व्यवहार थांबवले. दुसऱ्या दिवशी फेब्रुवारीच्या वायद्यांची मुदत संपणार होती. उघडे सौदे भरपूर होते आणि ते मिटवायची घाईही तेवढीच. मुंबई शेअर बाजार मात्र चालू होता. इकडे अडकलेले सौदे तिकडे जाऊन काटायचे की वाट पाहायची, हे दलालांना ठरवता येईना. कित्येकांनी साडेतीनच्या आत तिकडे सौदे काटूनही टाकले. मग बाजार उठायच्या सुमारास बातमी आली की एनएसई पुन्हा उघडणार आहे, पावणेचार ते पाच.

एक्स्चेंजने नंतर जो खुलासा केला, तो नीट वाचण्यासारखा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) मुख्य केंद्र आणि जवळचं दुसरं केंद्र यांना जोडणाऱ्या तारा एका कंपनीच्या नव्हत्या, दोन दूरसंचार कंपन्यांच्या होत्या. दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगत चाललेल्या खोदकामाने आणि बांधकामाने त्या जोडण्या डळमळल्या. खरं तर एवढ्यावर काही बिघडायला नको होतं, कारण तार तुटली तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवावं अशीच मागणी केलेली होती. पण माहिती साठवणारी सामाईक यंत्रणा, म्हणजे सॅन, त्या मागणीप्रमाणे वागली नाही. तिच्या पुरवठादाराने बसवलेलं बिघाडाच्या वेळचं तर्कशास्त्र वेगळं निघालं. सॅन प्रतिसाद देईना, म्हणून जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि जोखीम मोजता येत नाही म्हणून बाजार थांबवावा लागला.

यात लक्षात घेण्यासारखी आणखी एक तारीख आहे. त्याआधी चारच महिने, १२ ऑक्टोबर २०२० रोजी, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, शहर ठप्प झालं. दोन्ही शेअर बाजार त्या दिवशी बिनदिक्कत चालू होते. अख्ख्या महानगराचा अंधार पचवणारी यंत्रणा एका रस्त्याच्या खोदकामाने चार तास आडवी पडली.

वीज जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं, म्हणून बॅटऱ्या होत्या, जनरेटर होते, डिझेल होतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच खोदकामाच्या तडाख्यात सापडतील आणि वर सॅनही ऐनवेळी पाठ फिरवेल, हे गृहीत धरलेलं नव्हतं. सदैव चालू राहायला हव्यात अशा सर्व्हर यंत्रणा उभ्या करणाऱ्यांचं खरं काम या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असतं.

एका यंत्राची वाटणी

अशा सर्व्हर यंत्रणांच्या मुळाशी मोठं यंत्र वाटून वापरण्याची कल्पना असते आणि ती मुळात काटकसरीची. १९६० च्या दशकात आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात काही अभियंत्यांनी एकाच संगणकावर अनेक ‘भासमान’ संगणक चालवून दाखवले. त्यातून १९७२ मध्ये व्हीएम-३७० हे उत्पादन बाजारात आलं. ऐंशीच्या दशकात ही वाटणी सॉफ्टवेअरवरून यंत्राच्या अंगातच उतरली. अ‍ॅमडाल या स्पर्धक कंपनीने आधी पाऊल टाकलं आणि १९८८ मध्ये आयबीएमने आपल्या मेनफ्रेमना पीआर-एसएम ही सोय दिली. एका यंत्राचे अनेक तार्किक भाग पाडायचे, प्रत्येक भागाला स्वतःची कार्यप्रणाली, स्वतःची स्मृती, स्वतःचे प्रोसेसर. एक भाग कोसळला तरी शेजारच्याला खबर नाही. हेच लॉजिकल पार्टिशन. या धंद्यातली माणसं त्याला ‘एलपार’ म्हणतात.

युनिक्सच्या जगात हे जरा उशिरा पोचलं. सनच्या स्टारफायर यंत्रावर १९९७ मध्ये ‘डोमेन’ पाडता येऊ लागले. आयबीएमचं पी-६९० आलं २००१ मध्ये, ३२ प्रोसेसरचं आणि सोळा पार्टिशनपर्यंत वाटता येणारं. २००४ च्या पॉवर-५ पिढीत एका प्रोसेसरचा दहावा हिस्साही पार्टिशनला देता येऊ लागला. २००७ मध्ये पॉवर-६ बरोबर चालतं पार्टिशन एका फ्रेमवरून उचलून दुसऱ्या फ्रेमवर नेण्याची सोय आली. आतला प्रोग्राम थांबत नाही, वापरणाऱ्याला कळतही नाही. फ्रेम म्हणजे प्रत्यक्ष लोखंडी खोकं, पार्टिशन म्हणजे त्याच्यातलं भासमान घर. भारतातल्या बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या यांचे मुख्य डेटाबेस वर्षानुवर्षं अशाच यंत्रांवर चालत आले.

भावाभावांनी वाडा वाटून घेतला की चुली वेगळ्या होतात, दारं वेगळी होतात, मधे भिंती उभ्या राहतात. विहीर आणि आढं मात्र एकच राहतं. पार्टिशनचंही तसंच. एकाच फ्रेमवर वीस एलपार असतील तर वीस सर्व्हर असल्यासारखं वाटतं, यादीत वीस नावं दिसतात, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. पण खालचं फर्मवेअर एक, वाटणी सांभाळणारा हायपरवायझर एक, वीज घेणारी जागा एक. बहुतेक ठिकाणी या एलपारांना डिस्क आणि नेटवर्क पुरवण्याचं काम एखादा व्हीआयओ सर्व्हर करतो, म्हणजे तोही आणखी एक सामाईक. तो बसला की त्याच्यावर विसंबलेले सगळेच बसतात. म्हणून जाणता नियोजक प्रत्येक फ्रेमवर व्हीआयओ सर्व्हर जोडीनेच ठेवतो. एकावर सुधारणा चालू असताना दुसऱ्याने भार घ्यायचा, हा त्याचा रोजचा उपयोग. अपघाताच्या वेळचा उपयोग त्यानंतरचा.

पहिला नियमही याच हिशेबातून येतो. एकमेकांना पर्याय असलेले दोन एलपार एका फ्रेमवर ठेवायचे नाहीत. ऐकायला हे बाळबोध वाटतं. पण पार्टिशन फिरवता यायला लागल्यापासून हा नियम मोडणं फार सोपं झालं आहे. देखभालीसाठी कुणीतरी एका रात्री एक एलपार शेजारच्या फ्रेमवर हलवतो, काम उरकतं, परत आणायचं राहून जातं. दुसऱ्या दिवशी सगळं व्यवस्थित चालू असतं, कुठेही लाल दिवा लागत नाही. फक्त आता मूळ आणि पर्याय एकाच छपराखाली नांदत असतात.

नऊच्या आकड्यांचं गणित

या क्षेत्रात उपलब्धता ‘नऊ’ मध्ये मोजतात. ९९.९ टक्के म्हणजे तीन नऊ, वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद. चार नऊ म्हणजे ५३ मिनिटं. पाच नऊ म्हणजे सव्वापाच मिनिटं. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हे नऊ हारीने मांडलेले असतात आणि ते वाढवण्याची रीतही सोपी दिसते.

समजा एक यंत्र ९९ टक्के वेळ चालतं, म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांपेक्षा थोडं जास्त बंद असतं. तसंच आणखी एक घेतलं. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारात एक. वर्षाचे साडेतीन दिवस एकदम ५३ मिनिटांवर आले. पैसे दुप्पट, गुण शंभर पट. कोणताही खर्च-मंजुरीचा कागद या हिशेबावर सही मिळवू शकतो.

या गुणाकाराला एक अट आहे. एकाचा बिघाड दुसऱ्याच्या बिघाडापासून पूर्ण स्वतंत्र असला पाहिजे. ही अट जरा सैल करून पाहू. दर दहा बिघाडांतला एक असा आहे, की तो दोघांनाही एकदम पाडतो. तेवढ्याने ५३ मिनिटांचे साडेनऊ तासांच्या आसपास होतात. तिसरं यंत्र आणलं तरी त्यातला मोठा भाग तसाच राहतो, कारण सामाईक बिघाड तिघांनाही पाडतो. म्हणजे एका टप्प्यानंतर नवीन यंत्रावर घातलेला पैसा जवळपास वाया जातो. जे एकच आहे ते शोधून वेगळं करण्यावर घातलेला पैसा मात्र सत्कारणी लागतो. पण खरेदीची ऑर्डर यंत्राची निघते. शोधाशोधीची ऑर्डर निघत नाही.

डेल्टा एअरलाइन्सने ऑगस्ट २०१६ मध्ये याची किंमत मोजली. अटलांटातल्या त्यांच्या डेटा सेंटरमध्ये विजेचं एक नियंत्रक उपकरण बिघडलं आणि पुरवठा गेला. राखीव वीज होती. पण सुमारे ७,००० उपकरणांपैकी ३०० च्या आसपास उपकरणं राखीव विजेला नीट जोडलेलीच नव्हती. तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. ज्या ६,७०० उपकरणांना वीज होती, त्यांना या ३०० वाचून काम करता येईना. टक्केवारीत पाहिलं तर तयारी ९५ टक्क्यांच्या वर होती.

मेला कोण, हे ठरवायचं कुणी?

दोन यंत्रं खरोखर स्वतंत्र केली, असं समजू. आता पुढचा पेच. पहिलं बंद पडलं हे दुसऱ्याला कळणार कसं? यासाठी क्लस्टरमधली, म्हणजे अशी एकत्र बांधलेली, यंत्रं एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवत राहतात. त्याला हार्टबीट म्हणतात. ठरावीक वेळ हार्टबीट आली नाही, की समोरचा गेला असं धरून दुसरं यंत्र सूत्रं हाती घेतं.

पण हार्टबीट न येण्याची कारणं दोन असू शकतात. समोरचं यंत्र मेलं असेल, किंवा यंत्र ठणठणीत असून मधली तार तुटली असेल. या बाजूला उभं राहून पाहिलं तर दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. तार तुटली असताना दोघांनीही ‘दुसरा गेला, आता मीच मालक’ असं ठरवलं, तर दोघंही नोंदी लिहू लागतात आणि एकाच खात्याची दोन सत्यं तयार होतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. यंत्रणा बंद पडलेली परवडते, पण हे परवडत नाही. बंद पडलेली यंत्रणा चालू करता येते, एकमेकांत मिसळलेल्या दोन खतावण्या सोडवायला माणसं लागतात.

यावर दोन उपाय रूढ आहेत. एक कोरमचा. मतदार विषम संख्येने ठेवायचे आणि ज्याच्या बाजूला बहुमत असेल त्यानेच चालायचं. दोनच केंद्रं असतील तर तिसऱ्या ठिकाणी एक छोटा साक्षीदार बसवायचा, ज्याचं काम फक्त मत देणं. दुसरा उपाय फेन्सिंगचा. सूत्रं हाती घेण्याआधी समोरच्याची डिस्कपर्यंतची वाट बंद करायची किंवा सरळ त्याची वीज तोडायची. मेल्याचा संशय असलेला आधी नक्की मेला आहे, याची खात्री करून घेण्याची ही पद्धत क्रूर आहे, पण माहिती वाचते.

एवढं असूनही घोटाळा कसा होतो, याचं स्वच्छ उदाहरण गिटहबचं आहे. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिथे ठेवतात, पुण्या-बंगळुरातले आयटीवालेही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक नादुरुस्त प्रकाशीय उपकरण बदलताना मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. फेलओव्हर, म्हणजे बिघाडाच्या वेळी सूत्रं दुसऱ्याकडे देणं, सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे मतदान घेतलं, बहुमत जमवलं आणि डेटाबेसचं मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. प्रत्येक घटकाने नेमून दिलेलं काम केलं. पण त्या क्षणांत पूर्वेकडे झालेल्या काही नोंदी पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या आणि नंतर पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या. सर्वांत गजबजलेल्या क्लस्टरांपैकी एकात अशा मागे राहिलेल्या नोंदी ९५४ होत्या. इकडचं टाकावं तर लोकांचं काम जातं, तिकडचं टाकावं तरी जातं. गिटहबने सेवा रखडू दिली, पण एकही नोंद टाकायची नाही असं ठरवलं. ४३ सेकंदांचा खंड निस्तरायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यानंतरचा त्यांचा एक मोठा बदल असा होता की यंत्राने आपल्या अखत्यारीत किनारा ओलांडून मुख्यपद हलवायचं नाही.

मतदान चोख होतं, पण ४३ सेकंदांच्या अडचणीसाठी देश ओलांडायचा का, हा प्रश्न कुणी आधी विचारलेला नव्हता. उत्तर यंत्राच्या सेटिंगमध्ये घालावं लागतं, पण ते सुचावं लागतं माणसाला, आणि तेही शांतपणे बसलेलं असताना.

टोकियोतली एक ओळ

याच्या उलट प्रसंग टोकियोचा. १ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी सातच्या सुमारास टोकियो शेअर बाजाराच्या ‘अ‍ॅरोहेड’ यंत्रणेतल्या सामाईक डिस्क उपकरणाची स्मृती बिघडली. जोडीला दुसरं उपकरण होतंच. पहिलं गेलं की दुसऱ्याने आपोआप काम घ्यावं, अशी रचना होती. दुसऱ्याने काम घेतलं नाही.

तपासात कारण निघालं ते एका सेटिंगचं. उपकरणाच्या जुन्या आवृत्तीत ते सेटिंग ‘बंद’ ठेवलं तरी पंधरा सेकंदांनी बदल होत असे. नव्या आवृत्तीत हे वागणं बदललं, ‘बंद’ म्हणजे बंदच झालं. यंत्रणा पुरवणाऱ्या फुजित्सूने दिलेल्या माहितीपुस्तिकेत मात्र जुनंच वर्णन राहिलं. पुस्तिका वाचून सेटिंग केलं गेलं आणि या विशिष्ट प्रकारच्या बिघाडाची चाचणी झालीच नाही.

उपकरण नंतर हाताने बदललं गेलं. तरी बाजार त्या दिवशी उघडला नाही. सकाळपासून दलालांनी पाठवलेल्या मागण्या यंत्रणेत शिरल्या होत्या. यंत्रणा पुन्हा सुरू करायची तर त्या मागण्यांचं काय, यावर बाजार आणि दलाल यांच्यात आधी काही ठरलेलं नव्हतं. कुणाच्या मागण्या धरायच्या, कुणाच्या सोडायच्या, हा गोंधळ परवडण्यासारखा नव्हता. १९९९ मध्ये व्यवहार संपूर्ण संगणकावर गेल्यापासून पहिल्यांदाच बाजार पूर्ण दिवस बंद राहिला. त्याच दुपारच्या पत्रकार परिषदेत बाजाराचे प्रमुख कोइचिरो मियाहारा यांनी बाजार चालवणारे म्हणून जबाबदारी आपली आहे, फुजित्सूकडून भरपाई मागण्याचा विचार नाही, असं सांगितलं. ३० नोव्हेंबरला त्यांनी पद सोडलं.

टोकियोने पुढे जे केलं, त्यात सर्वांत दूरगामी परिणाम करणारी गोष्ट यंत्राशी संबंधित नव्हती. बाजार थांबला तर पुन्हा कसा आणि कोणत्या अटींवर उघडायचा, याचे नियम दलालांबरोबर बसून ठरवण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्यवहाराची वेळ अर्ध्या तासाने वाढवली, त्यामागच्या कारणांतही हे एक होतं की सकाळी बिघाड झाला तर सावरून त्याच दिवशी बाजार उघडायला अवधी मिळावा.

हजार किलोमीटरचा तिढा

मुंबईचं पर्यायी केंद्र मुंबईतच असून चालत नाही, हे २६ जुलै २००५ ने शिकवलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बीकेसी मिठी नदीच्या कुशीतच वसलेली आहे. शेअर बाजारांसाठी नियामक सेबीचा नियम असा की आपत्तीच्या वेळचं केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावं, आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर लांब तरी असावं. एनएसईचं हे केंद्र चेन्नईत आहे. चेन्नईही डिसेंबर २०१५ मध्ये बुडाली होती. पण मुंबई आणि चेन्नई एकाच दिवशी बुडण्याचा योग दुर्मीळ, आणि नियोजनाला तेवढंच हवं असतं.

लांब गेल्यावर मात्र दुसरी अडचण सुरू होते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे नोंद तिकडे पोचून ‘मिळाली’ असा निरोप परत यायला किमान दहा मिलिसेकंद लागणार. एकामागून एक करायच्या नोंदींसाठी दर वेळी असं थांबायचं ठरवलं, तर सेकंदाला शंभर नोंदी होतील. बाजाराला हा वेग म्हणजे थांबल्यासारखाच. प्रोसेसर कितीही महाग घ्या, यात काडीचा फरक पडत नाही.

म्हणून तीन केंद्रांची रचना करतात. जवळच्या केंद्रात प्रत्येक नोंद तत्क्षणी उतरते, तिथलं उत्तर आल्याशिवाय नोंद पक्की धरत नाहीत. लांबच्या केंद्राकडे नोंदी मागाहून, थोड्या उशिराने जात राहतात. मुख्य केंद्र गेलं तर लांबच्या केंद्रात जे पोचलेलं नसेल, ते जवळच्या केंद्रातून भरून काढायचं. रचना सुरेख आहे. पण जवळचं केंद्र असं घट्ट बांधलेलं असतं की ती तार हाच मुख्य यंत्रणेचा एक अवयव होतो. तार तुटली की थांबायचं, की एकट्याने पुढे जायचं, हे सॅनला आधी सांगून ठेवावं लागतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये बीकेसीत नेमकी हीच जागा दगा देऊन गेली.

आणि चेन्नई? चेन्नईचं केंद्र त्या दिवशी वापरलं गेलं नाही. परिस्थिती जोखून मुंबईतूनच पुन्हा सुरू करायचं असं ठरलं. बाहेरून पाहणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं, आत बसलेल्याला नाही. लांबच्या केंद्रावर जाणं म्हणजे थोड्या नोंदी मागे सोडण्याची शक्यता पत्करणं, मग त्या जुळवणं, आणि परत मुंबईला यायचा दुसरा प्रवास. शिवाय दर दहा मिनिटांनी कुणीतरी सांगत असतं की आणखी दहा मिनिटांत होईल. ‘होईल’ या आशेवर जगातल्या फार यंत्रणांनी तास घालवले आहेत.

सेबीने ही आशाच काढून घेतली. मार्च २०२१ मध्ये नियम आला की महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून ७२ कोटी रुपयांहून जास्त रक्कम भरून सेबीकडचं त्या दिवसाचं प्रकरण मिटवलं.

४२ टक्के

या सगळ्याचा अंदाज एका माणसाने १९८५ मध्येच मांडून ठेवला होता. जिम ग्रे तेव्हा टँडम कंपनीत होते. न थांबणारे संगणक बनवणं हाच टँडमचा धंदा. प्रत्येक भाग दुहेरी, एक गेला तरी काम चालू. अशा यंत्रणा तरीही का थांबतात, हे त्यांनी ग्राहकांकडून आलेल्या नोंदी तपासून पाहिलं. हार्डवेअरमुळे थांबण्याचं प्रमाण १८ टक्के निघालं, सॉफ्टवेअरमुळे २५ आणि वीज वगैरे परिसरामुळे १४. यंत्रणा चालवणं, देखभाल, बदल, सेटिंग यांमुळे थांबण्याचं प्रमाण होतं ४२ टक्के. यंत्राचे भाग दुहेरी करून झाले की उरतो तो माणसाचा हात, कारण तो दुहेरी नसतो. एकच माणूस एकच चुकीची आज्ञा दोन्ही यंत्रांना इमाने इतबारे देतो. ग्रे यांना पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पार्टिशनच्या व्यवस्थापनात या ४२ टक्क्यांचे चेहरे रोज दिसतात. मुख्य यंत्रावर पॅच पडतो, स्टँडबायवर, म्हणजे पर्यायी यंत्रावर, राहून जातो. मुख्य यंत्रासाठी फायरवॉलमध्ये नवी वाट उघडली जाते, स्टँडबायसाठी नाही. डिस्क वाढते, तिकडे वाढत नाही. सर्टिफिकेटची मुदत संपते, कारण स्टँडबायवर कुणी लॉगिनच करत नाही. यांतली एकही गोष्ट क्लस्टरच्या पडद्यावर लाल होत नाही, कारण पडदा फक्त हार्टबीट पाहतो आणि ती चालू असते.

दुसरा चेहरा क्षमतेचा. समजा दोन फ्रेम आहेत, प्रत्येकी ६४ प्रोसेसरच्या. नियोजनाच्या दिवशी प्रत्येकीवर ३० प्रोसेसरचा भार होता, म्हणजे एक फ्रेम गेली तरी दुसरी साठ पेलू शकत होती. मग दर तिमाहीत कुणीतरी नवा एलपार मागतं. ‘एवढी जागा रिकामी पडली आहे’ असा युक्तिवाद असतो आणि तो डोळ्यांना खरा दिसतो. तीन वर्षांत भार ४५-४५ वर जातो. आता एक फ्रेम गेली की ६४ च्या यंत्रावर ९० चा भार येणार. फेलओव्हर यशस्वी होईल, सगळे एलपार उठतील आणि सगळेच रांगू लागतील. रिकामी जागा हाच विम्याचा हप्ता होता, तो सगळ्यांनी मिळून थोडा थोडा खाल्ला. यावर तोडगा कागदी आहे, पण कामाचा आहे. प्रत्येक एलपारला आणीबाणीच्या वेळी किमान किती लागेल ते लिहून ठेवायचं, आणि कोणते एलपार अशा वेळी उठवायचेच नाहीत, त्याची यादीही आधीच करायची. चाचणीचा सर्व्हर, अहवालाचा सर्व्हर, प्रशिक्षणाचा सर्व्हर. ज्या खात्याचा सर्व्हर त्या यादीत जातो, ते खातं भांडायला येतं. हे भांडण नियोजनाच्या टेबलावर झालेलं बरं.

शनिवारचा बाजार

राखीव यंत्राच्या चाचण्या बहुतेक ठिकाणी रविवारी होतात. आधी नोटीस फिरते, तज्ज्ञ बोलावलेले असतात, भार नसतो, आणि पर्यायी केंद्रावर दोन-चार व्यवहार करून ‘यशस्वी’ असा शेरा पडतो. अशी चाचणी एवढंच सिद्ध करते की सगळे हजर असताना, कुणी घाईत नसताना, रिकामं यंत्र चालू होतं.

शनिवार, २ मार्च २०२४ चा प्रसंग म्हणूनच महत्त्वाचा. सुट्टीच्या दिवशी शेअर बाजार उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रातून, मग मधे थांबून साडेअकरा ते साडेबारा आपत्तीसाठीच्या केंद्रातून. व्यवहार खरे, पैसे खरे, दलाल खरे. सावधगिरी म्हणून भावांच्या चढउतारावर पाच टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. १८ मे रोजी पुन्हा एक शनिवार असाच गेला.  एनएसईच्या चेन्नईतल्या केंद्राची या दोन शनिवारी खऱ्या व्यवहारांत परीक्षा झाली.

याच्या पुढची पायरी म्हणजे ‘राखीव’ ही जागाच ठेवायची नाही. सहा महिने एका केंद्रातून काम करायचं, सहा महिने दुसऱ्यातून. दोन्हीकडच्या माणसांना दोन्ही बाजूंची सवय होते. विसरलेला पॅच, न उघडलेली फायरवॉल, खाल्लेली रिकामी जागा हे सगळं फेरबदलाच्या दिवशी, सगळे जागे असताना बाहेर येतं. यात धोका आहे, दर फेऱ्यात काहीतरी अडतं, आणि वरिष्ठांना विचारावंसं वाटतं की चालू गाडी कशाला थांबवायची. पण अडणं ठरल्या दिवशी घडतं, हाच त्यातला नफा.

मोठ्या बाजारांना सेबी आहे, दंड आहे, वर्तमानपत्रं आहेत. महाराष्ट्रात याहून कितीतरी लहान यंत्रणा तेवढ्याच अटीतटीच्या कामांवर चालतात. नागरी सहकारी बँक, जिल्ह्याच्या गावातलं मोठं रुग्णालय, साखर कारखान्याचं बिलांचं खातं. त्यांच्याकडे दोन फ्रेम नसतील, कदाचित भाड्याच्या क्लाउडवरची दोन भासमान यंत्रं असतील. ती दोन्ही एकाच इमारतीत आहेत का, एकाच खात्याच्या पासवर्डवर उघडतात का, बॅकअपही त्याच खात्यात ठेवला आहे का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्या यंत्रणेत वेगळं दिसणारं कुठे कुठे एकच आहे, याची एक यादी. रात्री दोन वाजता पर्यायावर जायचा निर्णय कोण घेणार आणि किती मिनिटांत, याचं एक नाव आणि एक आकडा. आणि खऱ्या भारासह पर्यायावर शेवटचं काम कधी केलं, ती तारीख. एवढं एका पानावर मावतं. त्यातली तारीख कुणाला सांगता येत नसेल, तर आपल्याकडे दुसरं यंत्र आहे हे ताळेबंदात लिहायला हरकत नाही. त्याच्या भरवशावर मात्र राहू नये.